मास्तरांच्या नावावरचा अपघात

आमच्या तालुक्यात एक गृहस्थ आहेत. त्यांच्या नावावर मोटारसायकलचे तीन अपघात आहेत आणि त्यातल्या एकाही अपघाताच्या वेळी ते गाडीवर नव्हते. एका वेळी तर ते पुण्यात नातवाच्या बारशाला पेढे वाटत होते. पण घरात लायसन त्यांच्या एकट्याकडं. त्यामुळं भाच्यानं कुणाला उडवलं की गाडी मामा चालवत होते, आणि पुतण्यानं कुणाची म्हैस आडवी केली तरी गाडी मामाच चालवत होते. आमच्याकडं याला 'लायसनवाला उभा करणं' म्हणतात. ही रीत कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही, पण ती ठाऊक नाही असा एकही वकील तालुक्याच्या कोर्टात सापडायचा नाही.

मी तीस-बत्तीस वर्षं भूमच्या बाजूला वकिली केली. जमिनीची भांडणं थोडी, अपघाताचे दावे जास्त. दोन वर्षांपूर्वी काळा कोट खुंटीला अडकवला. संपादकांचा निरोप आला की कोर्टातले चार गमतीदार किस्से लिहा, दिवाळी आहे, लोकांना जरा हसू द्या. हसण्यासारखे आहेत, ते आधी सांगून टाकतो. नंतरचं हसण्यासारखं नाही. यातली नावं बदलली आहेत. वकिलाचं नाव तेवढं मथळ्याखाली खरं छापायला सांगितलं आहे.

लोकांची एक समजूत पक्की असते. पोरानं कुणाचं डोकं फोडलं की बापाला आत टाकता येतं. येत नाही. निव्वळ बाप आहे म्हणून बाप जबाबदार होत नाही. बापाची स्वतःची काही चूक दाखवावी लागते. परांड्याकडचा एक शेतकरी माझ्याकडं आला होता. त्यानं नऊ वर्षांच्या पोराला ज्वारीतल्या माळ्यावर पाखरं हाकायला बसवलं होतं. पोराच्या गोफणीतला दगड पाखरांना सोडून रस्त्यावरून चाललेल्या एका मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर बसला. समोरचे दोन दात गेले. दातवाला दात कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून बसला. हा शेतकरी म्हणतो, "साहेब, दगड पोराचा, गोफण मेव्हण्याची, पाखरं देवाची. माझं काय यात?"

मी समजावलं, की पोराला माळ्यावर तुम्ही बसवलं, हातात गोफण तुम्ही दिली, शेजारून रस्ता जातो हे तुम्हाला माहीत. चूक ती आहे.

तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "म्हंजी पोराला कामाला लावलं ही चूक व्हय? मग काय बसवून खाऊ घालू?"

शेवटी नव्या दातांवर तडजोड झाली. जाताना दातवाला पुडी विसरून गेला, ती पुढं बरेच दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

दुसरा एक आला होता तो केस लढवायला नाही, स्वतःवर करून घ्यायला. भावाच्या लग्नाला त्यानं तेरखेड्याहून पोतंभर फटाके आणले होते. उरलेले गोठ्यात ठेवले. त्याच्या सात वर्षांच्या मुलीनं त्यातला एक डब्यात घालून पेटवला आणि शेजारच्या पोराची दोन बोटं गेली. शेजाऱ्यानं तक्रारच केली नाही. "लेकरं हायती, एका ताटात जेवत्यात," म्हणाला आणि विषय संपवला. पण याचा संपेना. "साहेब, माझ्यावर केस टाका," म्हणून तीनदा आला. स्वतःवर केस टाकायची सोय कायद्यात नाही, असं सांगून मी त्याला चहा पाजून परत पाठवायचो. पुढं तो गल्लीतलं घर सोडून शेतात राहायला गेला. माणसाला शिक्षा हवी होती आणि ती द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या वेळी मी हा किस्सा बाररूममध्ये हसत हसत सांगायचो.

गाडीची गोष्ट मात्र वेगळी. अलीकडं कायदा बदलला. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवली आणि काही झालं, तर पालक किंवा गाडीचा मालक यालाच दोषी धरतात. मला माहीत नव्हतं, हे त्यानं सिद्ध करायचं. नाही जमलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, वर दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. शिवाय विमा कंपनी हात वर करते. फार तर जखमीला पैसे देते आणि ते पुन्हा मालकाकडून वसूल करते. कायदा चांगलाच आहे. पण तो आल्यावर आमच्याकडं पोरांनी गाड्या चालवणं कमी झालं नाही. लायसनवाले उभे करणं तेवढं वाढलं.

अशात एका सकाळी माझ्या ऑफिसच्या दारात एक जीप थांबली. तिच्यातून वादी आणि प्रतिवादी एकत्रच उतरले.

वादीच्या बाजूचा होता बालाजी, ईट गावचा. त्याची आई गयाबाई, वय सत्तरीच्या पुढं. दोन दिवसांपूर्वी सकाळी शेतात भाकरी घेऊन निघाली होती. रस्त्याच्या कडेनं चालताना समोरून आलेल्या स्कूटीनं तिला धडक दिली. खुबा मोडला. बार्शीला दवाखान्यात होती, ऑपरेशन व्हायचं होतं. प्रतिवादी होते त्याच गावात राहणारे देशमाने मास्तर. स्कूटी मास्तरांची. चालवत होती त्यांची मुलगी ऋतुजा, दहावीतली, पंधरा वर्षांची. सकाळच्या शिकवणीला निघाली होती. ती जीपमध्येच बसून होती. तिला कुणी खाली उतरवलं नाही आणि मीही उतरवायला सांगितलं नाही.

पोलिसांत फिर्याद अजून द्यायची होती. बालाजी भला माणूस. म्हणाला, "साहेब, मास्तर आमच्या पोरांचं बी मास्तर हायती. त्यांची नोकरी जावी असं आमचं काय बी न्हाय. फकस्त आईचं ऑपरेशन नीट व्हावं, पुढचं औषधपाणी व्हावं."

मास्तर खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "किल्ली टीव्हीवर ठेवलेली असते. मीच ठेवतो. ती रोज स्कूटी नेते हे मला ठाऊक होतं. चार किलोमीटर चालत कुठं पाठवायचं पोरीला, म्हणून मीच काही बोललो नाही. म्हणजे एका अर्थानं मीच की, साहेब."

"त्या एका अर्थासाठीच कायदा केलाय, मास्तर," मी म्हणालो. "आणि त्या अर्थानं तुम्ही आत जाल, नोकरी जाईल, आणि विमा कंपनी आजीचे पैसे द्यायला पाच वर्षं भांडत बसेल. लायसन आहे ना तुमच्याकडं?"

"आहे."

"मग गाडी तुम्ही चालवत होता."

एवढंच. पुढचं सगळं त्या वाक्यातून झालं आणि ते वाक्य माझं आहे. मास्तरांवर निष्काळजीपणाचा साधा गुन्हा, थोडा दंड. पोरीचं नाव कुठंच नाही. विमा कंपनीला पळवाट नाही. आजीला पैसे वेळेवर. मला त्या वेळी खरोखर वाटलं की मी पुण्याचं काम करतोय. बालाजीनं फिर्याद दिली, मास्तरांनी कबुली दिली. सगळेच एक सांगतात म्हटल्यावर हवालदार तरी दुसरं काय लिहिणार?

फक्त गयाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

दावा दाखल झाला. गयाबाई काठी घेऊन थोडं चालायला लागल्या. कोर्टात त्यांची साक्ष व्हायची होती. साक्षीआधी शपथपत्र वाचून दाखवावं लागतं. बालाजी त्यांना घेऊन माझ्याकडं आला. बारीक, काळसर बाई, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, बोलणं सरळ. मी वाचत गेलो, त्या हुंकार देत गेल्या. 'सदर स्कूटी प्रतिवादी हे भरधाव वेगात चालवत होते' इथं आलो आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा. मास्तर न्हवतं."

"आजी, मास्तरच होते."

"म्या बघितलंय की वो. पोरगी व्हती. दोन वेन्या, लाल रिबिनी. माझ्याकडं बघून वरडली बी, 'आजी, सरका' म्हून. मास्तर कशाला आजी म्हनंल मला? मास्तर मला काकू म्हनतो."

बालाजीनं आईला बरंच समजावलं. पोरीचं आयुष्य, मास्तरांची नोकरी, तिचं स्वतःचं औषधपाणी, सगळं सांगितलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरीला काय बी करू नका. माझं काय म्हननं न्हाय. मला पैसं बी नगं. पर देवाची आन घिऊन म्या न बघितलेलं कसं सांगू?"

मला सांगायला लाज वाटते, पण मला त्यांचा राग आला. आमच्या धंद्यात खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला सांभाळणं सोपं असतं. त्याला काय हवं ते माहीत असतं. ज्याला काहीच नको, तो साक्षीदार फार अवघड. ही बाई कोर्टात 'पोरगी' म्हणाली की दावा लोंबकळणार, मास्तर गोत्यात, बालाजी खोट्या फिर्यादीत, आणि मी तर कुठंच तोंड दाखवायच्या लायकीचा राहणार नाही. मग मी ठरवलं की त्यांना खोटं बोलायला लावायचंच नाही. आपण चुकलो असं त्यांनाच वाटलं पाहिजे.

दुसऱ्या खेपेला बालाजीला घरातले जुने कागद आणायला सांगितलं. त्यात डोळ्यांच्या शिबिराचा एक कागद निघाला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. मी तो त्यांच्यापुढं धरून म्हणालो, "आजी, हे बघा, डॉक्टरनं लिहिलंय."

"एका डोळ्यात हाय. दुसरा चांगला हाय."

मी त्यांना समोरच्या कॅलेंडरवरची तारीख विचारली. त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. त्या गप्प बसल्या. मग मी विचारलं की धडक बसल्यावर शुद्ध गेली होती का. थोडा वेळ गेली होती, असं त्यांनी कबूल केलं. मी म्हणालो की शुद्धीवर येताना माणसाला काहीही दिसतं, स्वप्नासारखं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. पण मान हलवली नाही.

तिसऱ्या खेपेला जे केलं ते मी पुढं कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

माझ्याकडं नारायण नावाचा कारकून होता, माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. गयाबाई येऊन बसल्या की बाहेर जायचं, उपरणं डोक्यावरून पदरासारखं घ्यायचं आणि दारात येऊन उभं राहायचं, बोलायचं नाही. माझं ऑफिस पूर्वेकडं तोंड करून. सकाळी दारातून ऊन सरळ आत येतं, दारात उभ्या माणसाचं तोंड काळं दिसतं. नारायण तसा येऊन उभा राहिला.

"आजी, दारात कोण आलंय बघा बरं."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "कोन बाई हाय जनू."

"नीट बघा."

"बाईच हाय. पदर घेतलाय की."

मी नारायणला आत बोलावलं. त्यानं उपरणं काढलं. मिशीवाला नारायण बघून गयाबाईंचं तोंड उतरलं. बालाजी हसला, म्हणाला, "बघ की आई. नारायणकाकाला बाई म्हनतीस आन् म्हनं म्या बघितलं."

त्या हसल्या नाहीत. किती तरी वेळ आपल्या हातांकडं बघत बसल्या. मग हळू आवाजात विचारलं, "मग रिबिनी कुठनं दिसल्या मला?"

"दिसतात कधी कधी," मी म्हणालो. "वय झालं आजी."

त्या उन्हात त्या जागी बसून मीही नारायणला बाईच म्हणालो असतो. मला माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळी नारायण मला म्हणाला, "साहेब, हे बरं न्हाय केलं आपण." मी त्याच्यावर खेकसलो. पुढं वर्षभर आम्ही एकत्र काम केलं, पण त्यानं पुन्हा कधी डोक्याला उपरणं गुंडाळलेलं मी बघितलं नाही, भर उन्हाळ्यातसुद्धा.

साक्षीच्या दिवशी विमा कंपनीचा वकील उलटतपासाला उभा राहिला. तरुण, हुशार माणूस. त्याला कुठूनतरी वास लागला होता. थेट विचारलं, "आजी, गाडी कोण चालवत होतं?"

गयाबाई पिंजऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कागदात बघितलं.

"लोक म्हनत्यात मास्तर व्हते."

"तुम्ही काय बघितलं?"

"मला नीट दिसत न्हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "मला आता मानसं वळखू येत न्हाईत."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं. मी मनातल्या मनात सुटलो म्हटलं. विमा कंपनीच्या वकिलानं मात्र तेच वाक्य उचललं. बाईला दिसत नाही म्हणजे रस्त्यात तीच मध्ये आली असणार, असा त्यानं युक्तिवाद केला आणि निकालात थोडी भरपाई त्या कारणानं कापली गेली. करावं तसं भरावं म्हणतात. इथं केलं मी आणि भरलं गयाबाईंनी.

निकालानंतर सह्या-अंगठे करायला सगळे माझ्या ऑफिसात जमले. मास्तर ऋतुजाला घेऊन आले होते. आता ती अकरावीत होती. मास्तर तिला म्हणाले, "आजीच्या पाया पड." ती वाकली. गयाबाईंनी सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिच्या वेणीवरून खाली आला. तिथं थांबला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "एक विचारू का? रागावू नगंस. त्या दिवशी गाडीवर तू व्हतीस का ग?"

खोलीत आम्ही सहा जण होतो. ऋतुजानं बापाकडं बघितलं. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं.

"मला कुनाला सांगायचं न्हाय," गयाबाई म्हणाल्या. "माझं डोळं गेलं का डोकं गेलं, एवढंच कळू दे मला."

तेव्हा बोलता आलं असतं. दावा संपला होता, पैसे मंजूर झाले होते. मी म्हणालो, "आजी, झालं ते झालं. अंगठा कुठं करायचा दाखव रे नारायण."

ऋतुजा म्हणाली, "न्हाई आजी. मी शाळेत होते."

"आसंल बाई," गयाबाई म्हणाल्या आणि अंगठा पुढं केला.

नंतर बालाजी अधूनमधून बाजारात भेटायचा. एकदा त्यानं सांगितलं, की आईच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणतात दोन्ही डोळे चांगले आहेत, सुईत दोरा ओवेल. पण ती घराबाहेर पडत नाही. दारात कुणी आलं की आधी सुनेला विचारते, कोण आहे बघ. सुनेनं नाव सांगितलं की मगच बोलते. नातू समोर उभा राहिला तरी त्याच्या तोंडावर हात फिरवून, "तूच हाईस न्हवं?" विचारते. बालाजी म्हणाला, "वय झालं, साहेब." माझंच वाक्य मला परत मिळालं. मी भाजीची पिशवी उचलून चालू लागलो.

गेल्या उन्हाळ्यात ऋतुजा माझ्या घरी आली. एकोणीस वर्षांची झाली होती, धाराशिवला नर्सिंग शिकत होती. बसनं आली होती. स्कूटीला तिनं त्या दिवसानंतर हात लावलेला नव्हता. पाणी प्यायली आणि सरळ म्हणाली, "सर, मला आजींना खरं सांगायचंय."

मी घाबरलो. निवृत्त माणूस लवकर घाबरतो. मी तिला समजावत बसलो की वडिलांच्या नोकरीची अजून तीन वर्षं आहेत, शपथेवर दिलेली कबुली आहे, विमा कंपनी जुनं उकरून काढेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, पप्पांना विचारलं तर पप्पा म्हणतात वकीलसाहेबांना विचार. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणता पप्पांचा विचार कर. धडक मी दिली. कोर्टात पप्पा गेले, दंड पप्पांनी भरला. चार वर्षं पप्पा माझ्याशी नीट बोलले नाहीत आणि रागावलेही नाहीत. मी जे केलं ते माझं कधी होणार?"

इतकी वर्षं बापाची जबाबदारी किती आणि कुठवर, यावर मी कोर्टात घसा कोरडा केला. पोराच्या वाट्याचं काय, असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. मी आत जाऊन शर्ट बदलला आणि तिच्याबरोबर निघालो. पुढं जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं. मास्तरांनाही फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जाऊ द्या तिला."

ईटला पोचलो तेव्हा दुपार टळत होती. गयाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमची चाहूल लागली तशी त्यांनी आत हाक मारली, "कोन आलंय बघ ग." सून बाहेर आली. "वकीलसाहेब हायती. आन् मास्तरांची ऋतुजा." मग त्यांनी आमच्याकडं तोंड वळवलं. "या, बसा."

ऋतुजा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. घरून ठरवून आलेलं सगळं विसरली असणार, कारण ती एकदम म्हणाली, "आजी, ती मीच होते. गाडीवर. लाल रिबिनी मीच बांधल्या होत्या. 'आजी, सरका' मीच ओरडले होते. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

गयाबाई माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, ही पोर काय म्हनती?"

"खरं बोलतेय, आजी. तुम्ही जे बघितलं तेच खरं होतं. तुमचे डोळे चांगले होते. मीच तुम्हाला फसवलं. नारायणला दारात मुद्दाम पदर घेऊन उभा केला होता मी. उन्हात तिथं कुणालाही बाईच दिसली असती."  साठीतला माणूस मी, म्हातारीपुढं हात जोडून बसलो होतो.

गयाबाई ऐकत होत्या. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं. त्याआधी मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी ऋतुजाचा हात आपल्या हातात घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "बघ, लेकरू आसं आसावं. बापाचं पाप आपल्या अंगावर घ्याया आलीया. मास्तरांनी गाडी ठोकली खरी, पर पोर लई गुनाची घडवली."

"आजी, तसं नाही," मी म्हणालो.

"आन् तुमी बी तिच्यासाठी एवढं लांब आलाव, साहेब. मला बरं वाटावं म्हून." त्यांनी मला नमस्कार केला. "तुमी शिकल्याली मानसं. मला दिसत न्हाय हे तुमीच तर मला पटवलं. जजसाहेबांनी लिवून बी दिलं. आता त्ये खोटं कसं व्हईल?"

ऋतुजा रडायला लागली. रडत रडत तेच सांगत राहिली, मीच होते, आजी, मीच होते. गयाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत म्हणाल्या, "व्हय, व्हय. तूच व्हतीस. उगी आता. तूच व्हतीस बाई."

लहान लेकराची समजूत काढतात, तसा त्यांचा आवाज होता.